न लिहिलेल्या ओळींचे वाचन

परतीचा पाऊस ओसरत आलेला असतो, भाताची लोंबी जड होऊन वाकू लागलेली असते, घराघरांत दसऱ्या-दिवाळीची लगबग असते, आणि अशा भरल्या दिवसांत ऑक्टोबरची पंधरा तारीख येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस २०१५ सालापासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. शाळेच्या व्हरांड्यात बाकांवर पुस्तके मांडली जातात, मुले अभ्यासाची वही मिटून तासभर गोष्टीत रमतात, गावोगावची सार्वजनिक वाचनालये कपाटे उघडून ग्रंथप्रदर्शने भरवतात. या दिवसांचे आणि अक्षरांचे आपले नाते तसे जुनेच. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखून आपण तिच्यापुढे पोथ्या-पुस्तके ठेवतो आणि झेंडूची फुले वाहतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी कथेचे पान उघडे असणे हाही आपल्या सणाचाच भाग होऊन गेला आहे.

वर्षातून एकदा येणारा असा दिवस मागे वळून पाहण्यासाठी असतो. किती पुस्तके वाचली, कोणते दिवाळी अंक घेतले, वाचनालयाच्या कार्डावर किती नोंदी झाल्या, याची मोजदाद आपण हौसेने करतो आणि ती करावीही. मात्र कसे वाचले, हा प्रश्न मागे राहून जातो. एखादी कादंबरी वाचताना आपल्या आत काय घडले, त्या कादंबरीच्या जगातले कोण आपल्याला दिसले आणि कोण दिसलेच नाही, याचा ताळेबंद मांडायला आपण सहसा बसत नाही. आज तो मांडून पाहावा. मार्क्सवाद आणि फिनॉमिनॉलॉजी या दोन विचारधारांनी गेल्या शतकात कथा-कादंबरीच्या वाचनाविषयी जे शिकवले, ते बहुतेक वेळा विद्यापीठांच्या वर्गांतच राहिले आहे. ते घरातल्या खुर्चीत बसून कादंबरी वाचणाऱ्या माणसाच्या हाती यावे इतके मोलाचे आहे, आणि अवघड वाटते तितके ते अवघडही नाही.

योगायोग असा, की पंधरा ऑक्टोबर हा इटलीचे कादंबरीकार इतालो काल्व्हिनो यांचाही जन्मदिवस. १९२३ साली क्यूबात जन्मलेले काल्व्हिनो इटलीत वाढले, दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांविरुद्ध डोंगरांत लढणाऱ्या तुकड्यांत सामील झाले, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९४७ साली त्यांनी आपली पहिली कादंबरी त्याच लढ्यावर लिहिली. हंगेरीतला उठाव चिरडला गेल्यानंतर १९५७ साली त्यांनी पक्ष सोडला. पुढे १९७९ साली त्यांची ‘इफ ऑन अ विंटर्स नाइट अ ट्रॅव्हलर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक म्हणजे खुद्द वाचक. लेखक त्याला ‘तू’ म्हणून हाक मारतो, तो नवी कादंबरी उघडतो, बांधणीतल्या चुकीमुळे ती मध्येच तुटते, आणि मग एकामागून एक दहा कादंबऱ्या सुरू होतात, एकही पुरी होत नाही. या शोधात त्याला दोन बहिणी भेटतात. लुडमिला वाचते ती गोष्टीत हरवून जाण्यासाठी, पुढे काय होणार या निर्मळ ओढीने. लोतारिया वाचते ती तपासणीसाठी. सिद्धांत हाती घेऊन, चर्चासत्रात पुस्तकाचे तुकडे वाटून, त्यातले शब्द यंत्राकरवी मोजून. काल्व्हिनो यांचे मन उघडच लुडमिलाकडे झुकलेले आहे. तरी त्यांनी या दोघींना एका घरातल्या बहिणी केले, याकडे आपण लक्ष द्यावे. गोष्टीत शिरणे आणि गोष्टीला प्रश्न विचारणे ही दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत, असे आपण उगीच मानत आलो आहोत.

आधी लुडमिलाच्या बाजूने पाहू. वाचताना काय घडते, याचा सर्वांत बारकाईने विचार फिनॉमिनॉलॉजीने केला. एडमुंड हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी एक शिस्त घालून दिली. जग खरोखर कसे आहे याचे निवाडे काही काळ बाजूला ठेवा, आणि वस्तू आपल्या जाणिवेपुढे कशी प्रकट होते तेवढेच नीट पाहा. त्यांचे पोलिश विद्यार्थी रोमान इनगार्डन यांनी ही शिस्त साहित्याला लावली आणि १९३१ साली साहित्यकृतीच्या स्वरूपावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की कादंबरी ही कागदावरची शाईही नव्हे आणि वाचकाच्या मनातली लहरही नव्हे. ती नादाचा, अर्थाचा, दृश्यांचा आणि वर्णिलेल्या जगाचा असे अनेक थर असलेली रचना आहे, आणि त्या रचनेत ठिकठिकाणी अनिश्चित जागा असतात. ‘म्हातारी ओसरीवर बसली होती,’ एवढेच लेखक लिहितो. तिच्या लुगड्याचा रंग, ओसरीची उंची, समोरच्या अंगणात ऊन होते की सावली, यातले काही तो सांगत नाही. तरी वाचणाऱ्याला ओसरी दिसते, म्हातारी दिसते, कधी तिच्या हातातली जपमाळही दिसते. ते सगळे आपण भरलेले असते. वाचकाने या जागा भरल्या की कृती सजीव होते. कोणी भरल्याच नाहीत तर ती नुसती संहिता उरते.

इनगार्डन यांचा हा धागा जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात वोल्फगांग इझर यांनी पुढे नेला. १९७६ साली आलेल्या त्यांच्या वाचनक्रियेवरील ग्रंथात या जागा केवळ वर्णनातल्या उरल्या नाहीत. दोन प्रसंगांमध्ये, दोन पात्रांच्या दृष्टींमध्ये, एका प्रकरणाच्या शेवटात आणि पुढच्याच्या आरंभात लेखक जे सोडतो, ते वाचकाला दिलेले आवाहन ठरले. बेल्जियन समीक्षक जॉर्ज पुले यांनी तर त्याहून विलक्षण गोष्ट नोंदवली. वाचताना माझ्या आत जे विचार चालू असतात ते दुसऱ्याचे असतात, आणि तरी ते विचार करणारा मीच असतो. पुस्तक आपला ‘मी’ मला उसना देते. हे सारे आपल्याला अगदीच परके वाटू नये. आनंदवर्धनांनी नवव्या शतकात ध्वनीचा सिद्धांत मांडताना न सांगितलेल्या अर्थालाच काव्याचा आत्मा मानले, आणि तो अर्थ ज्याच्या अंतःकरणात उमटतो त्या सहृदयाला आपल्या काव्यशास्त्राने मानाचे स्थान दिले. न लिहिलेले वाचता येणे हीच वाचकाची पात्रता, हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे.

आता लोतारियाची बाजू. मार्क्सवादी वाचन म्हणजे कादंबरीत क्रांतीची घोषणा शोधणे, अशी एक समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे एंगेल्स यांच्या एका पत्रावरून कळते. मार्गारेट हार्कनेस या लेखिकेने लंडनमधील कष्टकरी वस्तीवर एक लहान कादंबरी लिहिली होती. त्या कादंबरीविषयी एप्रिल १८८८ मध्ये एंगेल्स यांनी तिला पत्र लिहिले. लेखकाची मते जितकी झाकलेली राहतील तितके कलाकृतीच्या हिताचे, असे त्यांनी त्यात बजावले, आणि दाखला दिला तो बाल्झाकचा. बाल्झाक राजेशाहीचा कैवारी, त्याची सहानुभूती मावळत्या सरदारवर्गाकडे. तरीही त्याच्या कादंबऱ्यांत त्या वर्गाचा ऱ्हास आणि पैशाचा वाढता अंमल असा उमटला, की फ्रेंच समाजाविषयी आपण इतिहासकारांकडून आणि अर्थशास्त्रज्ञांकडून शिकलो नाही इतके त्याच्याकडून शिकलो, असे एंगेल्स म्हणाले. लेखक जे सांगू इच्छितो आणि त्याची कादंबरी जे दाखवून जाते, यांत अंतर पडू शकते. त्या अंतरात डोकावणे हे मार्क्सवादी वाचनाचे खरे काम.

हे काम अधिक शास्त्रशुद्ध केले ते फ्रेंच तत्त्वज्ञ लुई अल्थुसेर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. अल्थुसेर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९१८ चा, म्हणजे आपल्या वाचनदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा. १९६५ साली त्यांनी पॅरिसमधील आपल्या विद्यार्थ्यांसह ‘रीडिंग कॅपिटल’ हा ग्रंथ सिद्ध केला. मार्क्सने ॲडम स्मिथचे लेखन वाचताना त्यातले उघड विधान जितके पाहिले तितकेच त्यातले गाळलेलेही पाहिले, आणि वैद्याने लक्षणावरून रोग ओळखावा तसे त्या गाळलेल्या जागांवरून विचारातली अडचण ओळखली, असे त्यांनी दाखवले. त्यांचे सहकारी पिएर माशरे यांनी पुढच्याच वर्षी ही पद्धत कथात्म साहित्याला लावली. कृती जे बोलू शकत नाही तेच तिच्याविषयी सर्वांत जास्त सांगते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. इंग्लंडमधलेच एक उदाहरण घ्यावे. जेन ऑस्टिनची ‘मॅन्सफील्ड पार्क’ ही कादंबरी १८१४ सालची. तिच्यातल्या देखण्या वाड्याचा मालक आपल्या अँटिगा बेटावरच्या मालमत्तेची घडी बसवायला दीर्घ काळ निघून जातो. परत आल्यावर घरातली आश्रित मुलगी फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, आणि त्या प्रश्नावर घरातले कोणीच काही बोलत नाही. वाड्यातली नाटके, लग्ने, फेरफटके यांना पाने कमी पडत नाहीत. ते सारे ज्यांच्या घामावर उभे आहे त्यांच्या वाट्याला अवघे चार शब्द आणि एक अबोला. या अँटिगाकडे १९९३ साली एडवर्ड सैद यांनी वाचकांचे लक्ष वेधले, आणि त्यानंतर ती कादंबरी पूर्वीसारखी वाचणे कुणालाच शक्य राहिले नाही.

इथे दोन्ही विचारधारा एकाच ठिकाणी येऊन उभ्या राहतात. दोघींचेही लक्ष न लिहिलेल्यावर आहे. मात्र दोघींना दिसणारे मौन एक नाही. एक मौन लेखकाने आपल्यासाठी राखून ठेवलेले असते. त्यात त्याचा विश्वास असतो. इथे वाचक येईल, आपल्या आठवणी आणि आपली कल्पना घेऊन येईल, आणि हे चित्र पुरे करील. दुसरे मौन लेखकाच्या हातून सुटून गेलेले असते. ते त्याच्या काळाचे, त्याच्या घराचे, त्याच्या वर्गाचे आणि जातीचे असते; तिथे काही नाही, असे त्यालाही प्रामाणिकपणे वाटत असते. पहिले मौन भरायचे असते. दुसरे भरायचे नसते. तिथे थांबून विचारायचे असते, की हे कुणाचे नाव इथे यायला हवे होते? कथा-कादंबरीच्या वाचनातले सगळे शहाणपण या दोन मौनांतला फरक ओळखण्यात आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आपल्याच कपाटातली एखादी जुनी कादंबरी या दृष्टीने उघडून पाहावी. दिवाणखान्यात नायक-नायिकेचा उत्कट संवाद चाललेला असतो आणि मध्येच चहा येतो. नायिकेला नेमके काय वाटले हे लेखक सांगत नाही. तिची नजर खिडकीकडे गेली एवढेच लिहितो. ही आपली जागा. आपण तिथे थांबतो आणि तिच्या मनातली कालवाकालव आपल्या मनाने अनुभवतो. पण चहा कोणी आणला? ज्या हातांनी आणला त्यांना चेहरा आहे का, नाव आहे का, त्या हातांची संध्याकाळ कशी असते? ही जागा आपल्यासाठी राखलेली नाही. ती कोणाच्या ध्यानातच आलेली नाही. कल्पनेने एक प्रेमळ जुना गडी तिथे उभा करून आपण पुढे गेलो, तर लेखकाचे न पाहणे आपणही पुढे चालवले असे होते. त्या क्षणी थोडे अडखळणे, हाच वाचनधर्म.

आणखी एक अडचण आहे आणि ती अधिक खोल आहे. पहिल्या प्रकारच्या जागा आपण ज्या सामग्रीने भरतो, ती तरी कुठून येते? ओसरीवरच्या म्हातारीला आपण आपल्या आजीचा चेहरा देतो. ज्याची आजी ओसरीवर बसत होती त्याला ते सहज जमते. जिची आजी त्या ओसरीच्या पायरीखाली उभी राहून ताक मागत होती, तिच्या मनात उभे राहणारे चित्र वेगळे असते. म्हणजे भरण्याच्या क्रियेतही समाज असतो, इतिहास असतो. वाचकाची कल्पनाही त्याच्या जगण्यातूनच घडलेली असते. फिनॉमिनॉलॉजीने दाखवलेली ही आतली जागा मार्क्सवादाच्या प्रश्नाला अशी आपोआप उघडी होते.

याचे आपल्या भाषेतले सर्वांत तीव्र उदाहरण बाबुराव बागूल यांनी १९६३ सालीच लिहून ठेवले आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक गुजरातेत रेल्वेत नव्याने कामाला लागतो. तो शिकलेला आहे, कवी आहे, बोलण्यात तेज आहे. तो आपली जात सांगत नाही. ही कथेतली रिकामी जागा. आणि ती कथेतली माणसेच भरून टाकतात. इतका विद्वान, इतका तेजस्वी माणूस वरच्याच जातीचा असणार, या समजुतीने सहकारी त्याला मान देतात. हे भरणे किती निरागस, किती सहज! आणि खरे कळते तेव्हा ज्या हातांनी आदर केला तेच हात त्याला मारतात. वाचताना आपण त्याच्या आत असतो. त्याच्या प्रत्येक सावध शब्दाचे, प्रत्येक चोरट्या श्वासाचे ओझे आपल्या छातीवर येते. दुसऱ्याच्या नजरेखाली जगणे म्हणजे काय, हे कोणत्याही निबंधाने कळले नसते इतके कळते. हा अनुभव फिनॉमिनॉलॉजीचा. पण कथा तिथे थांबत नाही. मार खाऊन उठलेला नायक मारणाऱ्यांकडे बोट दाखवत नाही, तो मनूकडे दाखवतो. अंगावरचे वळ ताजे असताना तो माणसांच्या मागे उभी असलेली रचना पाहतो. अनुभवाच्या गाभ्यातून व्यवस्थेचे ज्ञान कसे उगवते, हे या एका क्षणात दिसते.

ही कथा दोन्ही वाचनपद्धतींची परीक्षाही घेते. वर्गाच्या नकाशावर हे सगळेच रेल्वेचे कामगार, एकाच बाजूचे. पण नायकाचा अनुभव सांगतो, की त्या नकाशात एक भिंत दाखवायची राहून गेली आहे. सिद्धांताला अनुभवाने दुरुस्त करावे लागते ते असे. शरद पाटील यांनी मार्क्सला फुले-आंबेडकरांशी जोडून घेण्याचा जो आग्रह आयुष्यभर धरला, त्यामागेही हीच निकड होती. उलट बाजूने, नुसती व्यथा अनुभवून डोळे पुसणाऱ्या वाचकालाही ही कथा मोकळे सोडत नाही. ही व्यथा कोणी घडवली, असे ती विचारायला लावते. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई यांनी ‘द क्रॅक्ड मिरर’ या २०१२ सालच्या ग्रंथात ज्या प्रश्नाची चर्चा केली, तोही इथून दूर नाही. ज्याने भोगले त्याच्या अनुभवाविषयी न भोगणाऱ्याने सिद्धांत मांडावा का, आणि मांडला तर कोणत्या नैतिक अधिकाराने? वाचकालाही हे लागू आहे. दुसऱ्याचा ‘मी’ आपल्याला उसना मिळतो खरा. तो उसना आहे, याचा विसर पडू देता कामा नये.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीकडेही असेच वळावे. वऱ्हाडातल्या शिंप्याच्या घरातली कौतिक, तिची चिकाटी, नवऱ्याचा नाकर्तेपणा, मुलांसाठीची तिची ओढाताण, हे सारे वऱ्हाडी बोलीच्या उबेसह आपल्यापर्यंत येते. तिला केवळ ‘शोषित वर्गाची प्रतिनिधी’ म्हणून वाचले, तर तिच्या स्वाभिमानाचा पीळ, तिचा फटकळपणा, तिने पाहिलेली लहान लहान स्वप्ने निसटून जातात. तिला केवळ ‘दुःखी माउली’ म्हणून वाचले, तर खेड्यातल्या कारागिराच्या धंद्याला लागलेली उतरती कळा, बाईच्या मजुरीचे मोल, एकत्र घराच्या आधाराबाहेर पडण्याची किंमत, हे काहीच दिसत नाही. तिचे दुःख जणू आभाळातून पडलेले ठरते. हार्कनेसच्या लंडनवरील त्या कादंबरीत कष्टकरी माणसे निमूट आणि हतबल दिसतात, अशी एंगेल्स यांची तक्रार होती. कौतिकविषयी ती कोणीच करणार नाही. ती हरते, पण शेवटपर्यंत काही ना काही करू पाहते. तिचे हे ‘करू पाहणे’ आतून अनुभवणे आणि ते का फळत नाही हे बाहेरून समजून घेणे, दोन्ही मिळूनच ‘धग’ वाचून होते.

मराठी समीक्षेला हा पेच नवा नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी ओळखला जाणारा कलावाद-जीवनवादाचा वाद तीसच्या दशकात रंगला. लालजी पेंडसे यांचे ‘साहित्य आणि समाजजीवन’ हे मार्क्सवादी दृष्टीचे पुस्तक त्याच काळातले, १९३५ सालचे. पुढे मर्ढेकरांनी कलाकृतीच्या स्वायत्त घाटाचा आग्रह धरला, तर रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ सालच्या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव दाखवून आपला कलाविचार या दोहोंच्या ताणातच जगतो, हे समजावून दिले. शरच्चंद्र मुक्तिबोधांची वाट आम्हाला विशेष जवळची वाटते. मार्क्सवादी असूनही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी साहित्याच्या मूल्याचा कस ‘मानुषता’ या संकल्पनेत शोधला. समाजाच्या संघर्षातून घडलेला आणि तरी आपल्या संवेदनेने जग भोगणारा सबंध माणूस त्यांना साहित्यात हवा होता. त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. तो सन्मान आपण नोंदवून ठेवला. त्यातला विचार मात्र आपल्या रोजच्या वाचनात अजून पुरता मुरलेला नाही.

म्हणून या दिवशी कर्तव्याचे थोडे बोलणे भाग आहे. वर्गात कथा शिकवताना ‘लेखकाला काय म्हणायचे आहे’ हा एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर मुलांना तयार मिळते. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला कोणत्याही अभ्यासक्रमाची मनाई नाही. ‘लेखकाने इथे जे सांगितले नाही ते तुला कसे दिसले?’ आणि ‘या गोष्टीत कोण आहे, पण बोलत नाही?’ पहिल्या प्रश्नाला वर्गातले प्रत्येक मूल वेगळे उत्तर देईल, आणि एकाच ओळीतून इतकी घरे, इतक्या आज्या, इतकी अंगणे निघालेली पाहून मुलांना शेजारच्या बाकावरचे जग कळेल. दुसऱ्या प्रश्नाने त्यांना न्यायाची पहिली जाणीव होईल. नवव्या-दहाव्या वर्षी हे जमते. त्यासाठी हुसर्लचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही.

ग्रंथपालांचेही यात मोठे स्थान आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधाराने आपल्या राज्यात वाचनालयांचे जे जाळे उभे राहिले, त्याची खरी शोभा कपाटांत कोणकोणते आवाज शेजारी शेजारी ठेवले आहेत यावर ठरते. फडक्यांच्या शेजारी अण्णा भाऊ साठे असावेत, विभावरी शिरूरकरांच्या शेजारी बागूल असावेत. एका पुस्तकातला अबोला अनेकदा दुसऱ्या पुस्तकात बोलका झालेला असतो. १९५९ साली अण्णा भाऊंची ‘फकिरा’ आली तेव्हा मराठी कादंबरीतल्या कितीतरी न लिहिलेल्या ओळी एकदम लिहिल्या गेल्या. ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, यातच तिचे नाते कोणत्या मौनाशी होते ते कळते. आणि आम्ही नियतकालिके चालवणारे, परीक्षणे लिहिणारे, आमच्यावरही हा भार आहे. कथानकाचा सारांश आणि दोन विशेषणे यांवर परीक्षण भागवणे सोपे असते. पुस्तक वाचताना आपण कुठे हरवलो आणि कुठे अडखळलो, हे प्रामाणिकपणे सांगणारी समीक्षा वाचकाचा हात धरते.

सिद्धांताची भीती वाटण्याचे कारण नाही, आणि त्याची पूजा करण्याचेही नाही. सिद्धांत आधी हाती घेऊन कादंबरी उघडली, की तिच्यात आपल्याला तेवढेच सापडते जेवढे आपण बरोबर नेलेले असते. प्रत्येक पात्र एका वर्गाच्या खणात जाऊन बसते आणि वाचन संपण्याआधीच निकाल लागतो. सिद्धांत पूर्ण नाकारला, तर आपल्या सवयी हाच आपला सिद्धांत होतो, आणि तो कधीच तपासला जात नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोष्टीला स्वतःला द्यावे; तिच्या माणसांबरोबर उपाशी राहावे, धावावे, प्रेमात पडावे. मग पुस्तक मिटल्यावर, मन निवल्यावर, पुन्हा आरंभापासून उघडावे आणि विचारावे. एकाच वाचनात दोन्ही साधणे कठीण. म्हणून दुसरे वाचन हवे. आपल्या परंपरेत पारायणाचे मोल काही उगीच सांगितलेले नाही. तीच ओवी वर्षानुवर्षे वाचणाऱ्या वारकऱ्याला दर वर्षी ती नवी भेटते, कारण दरम्यान त्याचे जगणे बदललेले असते. कादंबरीलाही हा मान आपण दिला पाहिजे. दुसऱ्या वाचनात कथानकाची उत्सुकता शमलेली असते, आणि तेव्हाच कोपऱ्यातली माणसे पुढे येऊ लागतात.

नव्या वर्षाचे दिवाळी अंक आता छापखान्यांतून बाहेर पडू लागतील, नव्या कथा हाती येतील, त्यांचे स्वागत आपण आनंदाने करूच. त्याबरोबर या वाचनदिनी एक नेमही धरू. आपल्यावर ज्या एका कादंबरीने कधीकाळी मोहिनी घातली, ती येत्या वर्षात पुन्हा वाचायची. लेखकाने आपल्यासाठी राखलेल्या जागा पहिल्यापेक्षा अधिक मायेने भरायच्या. आणि ज्यांचे नाव, ज्यांचे श्रम, ज्यांचा आवाज त्याच्या हातून राहून गेला, त्यांच्याविषयी विचारायचे. त्या लेखकावरचे प्रेम जराही कमी होऊ न देता विचारायचे. आपल्या आवडत्या पुस्तकाला असा प्रश्न विचारता येऊ लागला, की आपल्या घराला, आपल्या गल्लीला, आपल्या गावालाही तो विचारण्याचे बळ येते. आणि वाचनाने माणूस घडतो असे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, त्याला खरा आधार मिळतो.